भोगवटादार कोण? : साखर कारखाना, रसायने आणि माहितीची जबाबदारी

'भोगवटादार' हा शब्द नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही. सातबाऱ्यावर तो वर्ग 1 आणि वर्ग 2 अशा दोन रूपांत भेटतो. हाच शब्द 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 मधील 'ऑक्युपायर'साठीही मराठीत वापरला जातो. कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण तो भोगवटादार. कामगार ज्या पदार्थात हात घालतो तो काय आहे, अंगावर उडाला तर काय करायचे, हे त्याला कळवण्याची जबाबदारी कायद्याने याच माणसावर टाकली आहे. सहकाराच्या या जिल्ह्यात तो माणूस नेमका कोण, हा प्रश्न मला बरीच वर्षे अभ्यासासारखा वाटत आला आहे.

हरेगावच्या बेलापूर कंपनीत मालक कोण हे वेगळे सांगावे लागत नसे. 1950 साली लोणीला प्रवरेचा कारखाना सुरू झाला आणि चित्र पालटले. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष, विठ्ठलराव विखे पाटील उपाध्यक्ष आणि मालक म्हणजे ऊस पिकवणारे सभासद. मालकीच्या या नव्या रचनेवर मराठीत विपुल लिहिले गेले. भांडवल कसे उभे राहिले, उसाला भाव काय मिळाला, राजकारण कसे घडले, हे सारे आले. कारखान्याच्या आत कोणती रसायने होती, हे त्या लेखनात क्वचितच दिसते.

ती होती, आणि आजही आहेत. पांढरी साखर करायची तर रसात चुन्याचे पाणी सोडतात आणि गंधक भट्टीत जाळून त्याचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, रसातून सोडतात. रसाची बाष्पीभवनाची पात्रे आतून कीट धरतात. ती साफ करताना कॉस्टिक सोडा उकळतात. शिवाय फॉस्फोरिक आम्ल, जंतुनाशक म्हणून फॉर्मॅलिन. पण मला सर्वांत बोलकी वाटते ती प्रयोगशाळेतली पांढरी पूड. रसात साखर किती हे पोलॅरिमीटरने मोजतात. गढूळ रसातून प्रकाश पार जात नाही, म्हणून नमुन्यात लेड सबॲसिटेट टाकून, हलवून, गाळून तो नितळ करण्याची पद्धत अनेक दशके चालली. हे शिशाचे संयुग. ज्या कायद्याखाली हे कारखाने चालले, त्याच 1948 च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत पहिलाच रोग शिशाच्या विषबाधेचा होता. उताऱ्याच्या एका दशांशावरून सर्वसाधारण सभा गाजवणाऱ्या सभासदाला तो दशांश कोणत्या पुडीच्या आधाराने हाती आला, हे विचारावेसे वाटले नाही.

रसायनाची माहिती एका ठरावीक पत्रकात लिहून कामाच्या जागी ठेवावी, ही कल्पना अमेरिकेतली. 1960च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या जहाजबांधणीच्या गोद्यांत असे पत्रक आले आणि नोव्हेंबर 1983 मध्ये कारखानदारीसाठी त्याचा सर्वसाधारण नियम झाला. पुढच्याच वर्षी, 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री, भोपाळ घडले. मिथाइल आयसोसायनेट कसे हाताळावे याच्या पुस्तिका कंपनीकडे होत्या. तरी त्या रात्री रुग्णांच्या रांगा लागल्या तेव्हा शहरातल्या डॉक्टरांना वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, हे ठाऊक नव्हते. माहिती अस्तित्वात होती, पण ती सांगायला कोणी बांधील नव्हते.

ही उणीव 1987 च्या दुरुस्तीने भरून काढली. कलम 41 ब नुसार धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याच्या भोगवटादाराने धोक्याची सर्व माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही द्यायची होती. म्हणजे लोणी किंवा कोपरगाव परिसरातल्या एखाद्या ग्रामपंचायतीचाही त्यात वाटा येत असे. हे कलम मोडल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकत असे. कलम 111 अ ने माहिती मिळवणे हा कामगाराचा हक्क केला.

आता मेख पाहा. कोणते उद्योग 'धोकादायक प्रक्रिये'चे, हे पहिल्या अनुसूचीत दिले आहे. त्यात आसवनी आहे, साखर कारखाना नाही. एकाच आवारात, एकाच संचालक मंडळाखाली, मळी साखरेच्या बाजूकडून नळाने दारूभट्टीच्या बाजूला जाते. त्या नळाबरोबर कायद्याची हद्द बदलते. पुढे साकरवाडीला सोमैयांच्या उद्योगासारखी या जिल्ह्यातली रसायननिर्मिती तर अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट, क्रोटोनाल्डिहाइड इथवर गेली. तिथे धोका उघड आहे, म्हणून कायदाही जागा असतो. गंधकाच्या भट्टीजवळच्या माणसाला मात्र 41 ब चे संरक्षण नव्हते.

त्याच्यासाठी दुसरे दार आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1989 साली घातक रसायनांचे नियम झाले. त्यांतली यादी उद्योगांची नसून रसायनांची आहे. नियम 17 प्रमाणे भोगवटादाराने अनुसूची 9 च्या नमुन्यात सुरक्षा माहितीपत्रक 'मिळवावे किंवा तयार करावे'. हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. व्यापाऱ्याने पत्रक दिले नाही, ही सबब इथे चालत नाही. मग स्वतः तयार करा. पण त्याच नियमात ते पत्रक 'मागितल्यास' पाहायला मिळावे असेही आहे. असा कागद असतो हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणार काय? कलम 108 प्रमाणे कारखान्यात लावायची सूचना बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही असावी लागत असे. माहितीपत्रक ही लावायची सूचना नव्हे. मी पाहिलेल्या फायलींतली पत्रके इंग्रजीत होती, नीट अनुक्रमाने लावलेली, आणि त्यांवर बोटांचे डाग नव्हते. मला तेच खटकले.

राहिला मूळ प्रश्न. कंपनीचा भोगवटादार संचालकच असू शकतो, पगारी अधिकाऱ्याला पुढे करून चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात स्पष्ट केले. 1987 च्या व्याख्येत भागीदारी किंवा व्यक्तींचा संघ, कंपनी आणि सरकारी कारखाना असे प्रकार येतात. सहकारी संस्थेचा वेगळा उल्लेख नाही. तिला व्यक्तींचा संघ मानले, तर व्याख्येनुसार तिचा कोणीही एक सभासद भोगवटादार ठरू शकतो, म्हणजे तत्त्वतः दोन एकर ऊस लावणाराही. प्रत्यक्षात परवान्याच्या अर्जावर एकच नाव लागते आणि ते कोणाचे, याची चौकशी सभासद करत नाहीत. वार्षिक अहवालात गाळप, उतारा, कर्ज, भाव सारे छापून येते. त्यातच एक पान जोडून परवान्यावरच्या भोगवटादाराचे नाव आणि आवारातल्या रसायनांची मराठी यादी छापायला फार तर एक कागद जास्त लागेल. तो अहवाल सभासदाच्या घरी जातो आणि अनेक कामगार सभासदांच्याच घरातले असतात. हंगाम संपल्यावर टाक्या धुवायला ठेकेदार जी माणसे आणतो, त्यांच्या घरी तो जात नाही. त्यांना टाकीच्या तोंडाशीच, आत उतरण्यापूर्वी, कोणीतरी तोंडी सांगावे लागते. आणि सांगणारा ठेकेदाराचा मुकादम असला, तरी कायद्याच्या नजरेत जबाबदारी भोगवटादाराचीच राहते.