रॉयल ऑपेरा हाऊस : तेवीस वर्षे मिटलेला पडदा

१/ मुंबईत चर्नी रोड स्थानकाबाहेरच्या परिसराला सारे 'ऑपेरा हाऊस' म्हणतात. १९९३ ते २०१६ या काळात हिरेबाजाराच्या पत्त्यांत आणि लोकांच्या तोंडी ते नाव रोज येत होते; मात्र ज्या वास्तूमुळे ते पडले, तिचे दार बंद होते.

२/ मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका हे या नाट्यगृहाचे जनक. काम अपुरे असतानाच १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९१२ मध्ये बरोक शैलीतील ही वास्तू पूर्ण झाली.

३/ नाव विलायती ऑपेराचे. पण रंगमंच लवकरच गावाचा झाला. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ येथे गायले. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सने येथे प्रयोग केले.

४/ पुढे बोलपटांनी रंगमंच व्यापला. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी वास्तू विकत घेतली. कालांतराने घरोघरी दूरदर्शन आणि व्हिडिओ आले, प्रेक्षक रोडावला आणि १९९३ मध्ये पडदा मिटला.

५/ बंद घर लवकर जीर्ण होते. गळके छप्पर आणि खचू लागलेले सज्जे सावरण्याचे काम वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्याकडे आले. जुन्या छायाचित्रांच्या आधारे, सिनेमाच्या काळात पुसली गेलेली मूळ सजावट पुन्हा उभी राहिली.

६/ ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या स्वरांनी नाट्यगृह पुन्हा जागे झाले. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत या संवर्धनाचा गौरव झाला.

७/ तरी खरी कसोटी पुरस्कारानंतर सुरू होते. ही वास्तू दगड झिजल्याने नव्हे, प्रेक्षक दुरावल्याने बंद पडली होती. सोनेरी मुलामा एकदाच चढवता येतो; प्रेक्षक मात्र रोज मिळवावा लागतो. शेजारच्या चाळीतल्या मुलाला तिकीट परवडले आणि आपल्या भाषेतले नाटक तिथे पाहता आले, तरच ही वास्तू पुन्हा गिरगावची होईल. एरवी ती उत्तम जतन केलेली, पण परकीच राहील.