फोकस कुणाचा खरा? रेंजफाइंडर आणि एसएलआर

१९५९ साली निकॉन एफ आला आणि पुढच्या दहाएक वर्षांत व्यावसायिक फोटोग्राफीत रेंजफाइंडर मागे पडत गेला. का? उत्तर ठरलेलं असतं : एसएलआरमध्ये प्रत्यक्ष लेन्समधून दिसतं, म्हणून फोकस जास्त अचूक. मित्रहो, हे अर्धंच खरं आहे.

रेंजफाइंडर काय करतो? जमीन मोजणारे करतात तेच. ठरावीक अंतरावरच्या दोन खिडक्यांतून एकच वस्तू बघतो. लेन्स फिरवत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर आणल्या, की झाला फोकस. खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी मोजणी नेमकी. १९५४ च्या लायका एम३ मध्ये ते जवळपास ७ सेंटीमीटर होतं. आता यातली गोम बघा. ५० ची लेन्स लावा नाहीतर १३५ ची, हे अंतर तेवढंच राहतं. लांब लेन्सला फोकसमधली बारीकशी चूकही खपत नाही, आणि मोजणारं यंत्र मात्र तेच! म्हणून एम३ च्या व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटी ५०, ९० आणि १३५ वर थांबतात. त्यापुढच्या लेन्ससाठी लायकावाले व्हिझोफ्लेक्स नावाची आरशाची पेटी देत. म्हणजे लायकाचाच तात्पुरता एसएलआर करायचा.

एसएलआरचं याच्या उलट. इथे काचेवरची प्रतिमा लेन्सच पाडते. ३०० ची लेन्स लावली की विषय मोठा दिसतो, धूसरपणा लगेच डोळ्यांत भरतो. २८ ची लावा. सगळंच बारीक, सगळंच स्पष्ट वाटतं. त्यात खोली अंधारी असली तर निव्वळ अंदाज. तिथे रेंजफाइंडरच्या दोन प्रतिमा जुळल्या की नाही, हे चटकन कळतं.

आणि ‘दिसतं तेच उमटतं’ हेही अटीवरच. लेन्सपासून आरशामार्गे काचेपर्यंतचं अंतर आणि लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं हवं. आरसा किंचित सरकला, की काचेवर डोळे स्पष्ट आणि फिल्मवर कान! रेंजफाइंडरमध्ये लेन्सला जोडणारी छोटी चकती धक्क्याने हलली तरी तेच. दोन्हीकडे चूक कळणार ती फिल्म धुतल्यावर.

तेव्हा एसएलआर जिंकला तो लांब लेन्सच्या बळावर. खेळ, वन्यजीव, शिवाय अगदी जवळून काढायचे फोटो, तिथे रेंजफाइंडरचा निभावच लागत नव्हता. व्हिएतनाम युद्धातले कितीतरी वृत्तछायाचित्रकार मात्र गळ्यात दोन्ही अडकवून फिरत : लांबच्यासाठी निकॉन एफ, जवळच्यासाठी रुंद लेन्सचा लायका.