नागपुरी तरुणाईच्या ऑनलाइन कट्ट्याचा पाया

नागपुरात इंटरनेट ज्या वाहिन्यांवरून येते, त्यांपैकी काहींची वाट रेल्वेने आखून ठेवली होती. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मुंबईहून नागपूरला पोहोचला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेकडची बाजू कलकत्त्याशी जोडली. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशाह हा टप्पा पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास गाड्याही नागपूरवरून धावू लागल्या. देशाचे दोन मोठे लोहमार्ग एकमेकांना छेदतात ते या शहरात. पुढे सप्टेंबर २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीने रुळांच्या कडेने ऑप्टिकल फायबर टाकले, तेव्हा नागपूर आपोआपच त्या जाळ्यातही मोक्याच्या ठिकाणी आले.

वाहिनीच्या बाबतीत शहर असे भाग्यवान ठरले, तरी तिच्यावरून मराठी अक्षर धावायला मात्र बराच काळ जावा लागला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत. इंटरनेट सेवेचे केंद्र नसलेल्या गावातून जोडणी घ्यायची तर दूरच्या क्रमांकावर एसटीडी लावावा लागे आणि वेळ वाढेल तसे बिल वाढे. विद्यार्थ्यांना परवडेल असे स्वस्त खाते होते, पण त्यात चित्र दिसत नसे, फक्त मजकूर येई, आणि तोही रोमन अक्षरांचा. खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा १९९८ च्या अखेरीस मिळाली. त्यानंतर सायबर कॅफे गल्लोगल्ली निघाले आणि ज्याच्या घरी संगणक नव्हता तो मुलगाही तासाच्या भाड्याने जगाशी जोडला गेला.

देवनागरीची तांत्रिक तयारी खरे तर आधीपासून चालू होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धत १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. युनिकोड या जागतिक सांकेतिक पद्धतीतला देवनागरीचा तक्ताही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. परंतु घरोघरच्या संगणकांना युनिकोड उमगेपर्यंत सगळा व्यवहार फॉन्टच्या करामतीवर चालला. रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे, एवढीच ती करामत. वाचणाऱ्याकडे नेमका तोच फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटे. अशा मजकुरात शोध घेता येत नसे, आणि संकेतस्थळाने फॉन्ट बदलला की जुने लेखन वाचण्याजोगे राहत नसे. एका पिढीचे कितीतरी लेखन त्यामुळे कायमचे गेले. ही हानी फार मोठी आहे.

१९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून सुरू झालेल्या ‘मायबोली’ या मराठी संकेतस्थळाने या अडचणींतूनच वाट काढली. ‘मनोगत’ हे संकेतस्थळ २००४ मध्ये आले ते युनिकोडचा आधार घेऊनच. त्याच्या आदल्या वर्षी, १ मे २००३ रोजी, मराठी विकिपीडिया सुरू झाला होता. नागपूरच्या वाचकाला पुण्याच्या किंवा बोस्टनच्या मराठी माणसाशी त्याच्याच लिपीत बोलता येऊ लागले, त्याचे श्रेय जितके संकेतस्थळ चालवणाऱ्यांचे, तितकेच लिपीचे तक्ते ठरवणाऱ्या अनामिक समित्यांचेही आहे.

युनिकोड आले म्हणून काम संपले नाही, आणि विदर्भाला ते विशेष जाणवते. ‘वऱ्हाड’ हाच शब्द पाहावा. यातला अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो. एका रीतीत खाली ठिपका (नुक्ता) असलेला ऱ आणि हलन्त वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते निराळे शब्द असतात. शोधयंत्रणेने दोन्ही रूपे आधी एकाच साच्यात आणली नाहीत, तर वऱ्हाडावरचे बरेच लेखन शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. ळ चीही तीच गत आहे. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो, पण युनिकोडच्या तक्त्यात ल च्या शेजारी बसला आहे. ऑनलाइन कट्ट्याच्या सदस्यांची नावे निव्वळ संकेतांकांनुसार लावली तर यादी मराठी क्रमाने लागत नाही. ‘अ‍ॅप’मधल्या स्वराला ‘ॲ’ हा स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला, त्यामुळे इथेही जुनी आणि नवी अशी दोन रूपे नांदतात.

लिपीच्या जोडीला भाषेचाही प्रश्न आहे. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, आणि त्या प्रांताचा कारभार हिंदी व मराठी अशा दोन भाषांत चालला. इथला तरुण आजही एकाच संभाषणात दोन्ही भाषा सहज बोलतो. दोघींची लिपी एक असल्याने कळफलक बदलावा लागत नाही, पण ल आणि श यांची वळणे वेगळी आहेत. पानावर भाषेची खूण दिलेली असेल, तरच योग्य फॉन्ट मराठी वळण दाखवतो.

मोबाइलने आणखी एक अट घातली. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत, तर देवनागरीत फक्त ७०. तरुण मराठी रोमन लिपीत लिहू लागले, त्यामागे आळसापेक्षा हा हिशेब मोठा होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि तो हिशेब उरला नाही. रोमन लिहिण्याची सवय मात्र उरली. म्हणून आजच्या शोधयंत्रणेला ‘varhad’ या धाटणीची रोमन मराठीही ओळखता यावी लागते.

कट्ट्यावर शाळकरी मुलेही येणार, म्हणून कायद्याचीही अट येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती हवी, त्याच्या वावरावर पाळत ठेवू नये आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे हा कायदा सांगतो. म्हणून वय आणि संमती यांची नोंद कट्ट्याच्या विदासंचाच्या मूळ आराखड्यातच असावी लागते; मागाहून जोडलेली नोंद अपुरी पडते.

नागपुरात १९६० साली स्थापन झालेले आणि आज व्हीएनआयटी म्हणून ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २०१६ पासून ट्रिपल आयटीही आहे. विदर्भातल्या वऱ्हाडी आणि झाडीबोली या बोली नीट साठवणारी, शोधणारी आणि लहानग्यांना सुरक्षित ठेवणारी मुक्त प्रणाली इथल्या विद्यार्थ्यांनीच हाती घ्यावी.