निश्चल चित्रातील राग आणि वेग

कागदावरचे चित्र हलत नाही, बोलतही नाही. तरी त्यातला मनुष्य धावताना दिसावा, चिडलेला चिडलेला वाटावा, हे साधते कसे? जपानी चित्रकथांत, म्हणजे 'मांगा'मध्ये, याच्या ठरलेल्या खुणा आहेत. कपाळावर फुगलेल्या शिरेची फुली म्हणजे संताप, गालाशी टपोरा थेंब म्हणजे ओशाळलेपणा, नाकातून निघालेला फुगा म्हणजे गाढ झोप, आणि अंगामागच्या समांतर रेघा म्हणजे वेग. प्रथम पाहणाऱ्यास हे चमत्कारिक वाटेल. परंतु आपलीच बोली तपासून पाहावी. आपल्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तळपायाची आग मस्तकात जाते. जपानी चित्रकार जे रेखाटतो, त्या जातीचे आपण रोज बोलत असतो.

आपल्या कृष्णाकाठीही अशा खुणा रुजल्या होत्या. १८४३ साली सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. अशा पौराणिक खेळांतला राक्षस आरोळी ठोकीत आला की त्याचा क्रोध निराळा सांगावा लागत नसे. पुढे सुशिक्षितांनी या खेळांना 'अललडुर्र' म्हणून हिणविले.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मार्ग वेगळा. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चित्ररामायणात भावना मुद्रेतून आणि हातांच्या ठेवणीतून दिसते. तेथे खुणेची गरज नाही. त्याच औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रकार होते. व्यंगचित्रकाराला चार फटकाऱ्यांत सारे सांगावयाचे असते. म्हणून तो खुणेचा आधार घेतो.

ही खूण एकट्या चित्रकाराने ठरत नाही. तेच नियतकालिक त्याच घरी पुन्हा पुन्हा येते, तीच रेघ पुन्हा दिसते, आणि वाचक ती शिकतो. जपानातही नियतकालिकांनीच हे शिक्षण दिले. खूण हा चित्रकार आणि वाचक यांच्यातला करार होय. तिला पोरकट म्हणून हसणारा समाज तो करार मोडतो. मग त्याच्या मुलांना राग आणि वेग दुसऱ्यांच्या रेघांत वाचावे लागतात. म्हणून अललडुर्र नाटकांच्या वाट्यास आलेली थट्टा आपल्या चित्रकथांच्या वाट्यास येऊ न देणे, हे आपणा प्रौढांचे काम आहे.