जुन्या छायाचित्रांतील पेठ
(बेळगाव व निपाणी येथील लुप्त वास्तूंचे स्मरण)

एखाद्या गावाचा इतिहास सांगावयाचा म्हटले, की प्रथम किल्ला आठवतो, मग देवालय, मग राजे-सरदारांचे वाडे. बाजारपेठेची आठवण शेवटी येते, आणि आली तरी ती ओट्यावरच्या गप्पांपुरती. वास्तविक सामान्य माणसाचे आयुष्य ज्या वास्तूंच्या सहवासात जाते त्या म्हणजे वाण्याचे दुकान, सराफाची पेढी, छापखाना, खानावळ आणि टांग्यांचा अड्डा. मराठीत आपण 'दुकान' म्हणतो, कोकणीत 'पसरो' म्हणतात. मांडलेला पसारा आवरला की मागे काही उरत नाही, हेच बहुतेक दुकानांचे भागधेय असते. बेळगाव आणि निपाणी या सीमाभागातील दोन गावांच्या पेठांविषयी, आणि त्यांच्या जुन्या छायाचित्रांविषयी, येथे थोडा विचार करावयाचा आहे.

बेळगावच्या बाजाराचे सर्वांत जुने चित्र छायाचित्र नव्हे, तो शिलालेख आहे. बेळगाव म्हणजे जुने वेणुग्राम. तेथील किल्ल्यात रट्ट राजांच्या काळी, इसवी सन १२०४ च्या सुमारास, जैन बसदी उभारण्यात आली. तीच आजची कमलबसदी. त्या काळचे दोन शिलालेख पुढे सातासमुद्रापार जाऊन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले. त्यांतून वेणुग्रामातील व्यापाऱ्यांची माहिती मिळते. लाट म्हणजे गुजरात आणि मलयाळ म्हणजे केरळ, इतक्या दूरच्या प्रांतांतून आलेले व्यापारी येथे होते आणि त्यांनी आपापल्या मालावर देवस्थानासाठी दान नेमून दिले होते. आठशे वर्षांपूर्वीची ती दुकाने कशी दिसत होती हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु ती होती, हे आपणांस कळते. कारण त्यांनी देवाला काही दिले आणि त्या दानाची नोंद कोणी तरी कोरून ठेवली. देवालयाने बाजाराची आठवण सांभाळली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

छायाचित्रकला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर या भागात आली. प्रारंभी तिचे लक्ष दगडी वास्तूंकडेच होते. पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला हंगाम जेम्स बर्जेस यांनी १८७४ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत बेळगाव व कलादगी या जिल्ह्यांतच काढला, आणि त्याच वर्षी त्याचे वृत्त छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. मंदिरांचे खांब, छतांवरील कमळे, दारांच्या चौकटी यांची त्यात काळजीपूर्वक नोंद आहे. ते काम मोलाचे होते यात शंका नाही. पण त्या कॅमेऱ्याच्या पाठीशी, हाकेच्या अंतरावर, जी पेठ गजबजलेली होती तिची पाहणी करण्याची आज्ञा कोणी दिली नव्हती. त्यामुळे तेराव्या शतकातील खांब आपल्याला नीट पाहावयास मिळतो, आणि आपल्या पणजोबांचे दुकान मात्र दिसत नाही.

पुढे गावात छायाचित्रे काढणारी दुकाने निघाली. त्यांतील एकाची हकिकत सांगण्याजोगी आहे. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावास आले. प्रथम ते वकील भाटे यांच्या घरी उतरले, नंतर जंगलखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्या बंगल्यात राहिले. या मुक्कामात त्यांचे एक छायाचित्र घेण्यात आले. ते काढणारे दुकान होते बेळगावचे 'एस. महादेव अँड सन'. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला तेव्हा अद्याप अकरा महिने अवकाश होता. म्हणजे समोर बसलेला तरुण संन्यासी कोण, हे जगाला कळण्याआधीच बेळगावच्या एका दुकानाने ते चित्र टिपले. आज ते चित्र देशोदेशीच्या ग्रंथांत छापलेले आढळते. स्वामीजी ज्या दोन घरांत राहिले त्यांचे पावित्र्य लोकांनी जाणले. रामकृष्ण मिशनने तेथे त्यांची स्मृती जतन केली. हे का घडले? भाटे यांच्या चिरंजीवांनी आणि हरिपद मित्र यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या म्हणून. लेखणीने घरे वाचविली. ज्या दुकानाने चित्र काढले त्याच्याविषयी कोणी लिहिले नाही. म्हणून स्वामीजींची मुद्रा सर्वांच्या ओळखीची आहे, आणि दुकानाचे नाव बेळगावातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

याच्या उलट उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांचे बंधू रामुअण्णा बेळगावास असत. १८८८ मध्ये या बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. त्याच दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे निघाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीने शेतकरी तो नांगर घेईनात, हेही प्रसिद्ध आहे. गावच्या विस्तारासाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावच्या हातून एक मोठा उद्योग गेला. मागे उरला तो 'किर्लोस्कर रोड'. त्या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात. येथे नाव टिकले, वास्तू गेली. 'महादेव अँड सन' यांचे काम टिकले, नाव विसरले गेले. लुप्त झालेल्या पेठेची स्मृती अशी दोन तुकड्यांत विभागलेली असते, आणि हे तुकडे जोडणे हेच स्थानिक इतिहासकाराचे खरे काम होय.

काही वास्तू तर मुळातच मोडण्यासाठी बांधलेल्या असतात. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन. त्यासाठी टिळकवाडीजवळच्या मोकळ्या जागेत 'विजयनगर' या नावाने एक तात्पुरते नगर उभारण्यात आले. त्याचे महाद्वार हंपीच्या विरूपाक्ष मंदिराच्या गोपुराच्या धर्तीवर होते. पाण्यासाठी विहीर खोदून तिला 'पंपा सरोवर' असे नाव देण्यात आले. स्वागताचे गीत गाणाऱ्या मुलींत पुढे कीर्तीस चढलेल्या गंगूबाई हनगल होत्या. अधिवेशन संपले, तट्ट्या-बांबू निघाले आणि नगर नाहीसे झाले. विहीर तेवढी राहिली. २०२४ मध्ये या घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा ते महाद्वार पुन्हा लोकांच्या डोळ्यांपुढे आले, ते केवळ जुन्या छायाचित्रांमुळे.

अशाच दुसऱ्या नगराची गोष्ट निपाणीची आहे. बेळगावास १८८७ च्या सुमारास रेल्वे आली. निपाणीच्या वाट्याला ती आली नाही. या गावाचा व्यापार पुणे-बंगलोर रस्त्यावर वाढला, आणि तो मुख्यतः विडीच्या तंबाखूचा. उंच भिंतींच्या, लहान झरोक्यांच्या वखारी, दारांत उभ्या बैलगाड्या, आणि चाळणीवर राबणाऱ्या, तोंडाला पदर बांधलेल्या बायका हेच निपाणीचे रूप. १९८१ च्या १४ मार्चला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तो महामार्गच अडविला. हजारो माणसे रस्त्यावर संसार मांडून बसली. त्या वसाहतीला 'आंदोलननगर' असे नाव पडले. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे बळी गेले, आणि ते नगर उठले. आंदोलननगराची छायाचित्रे पाहताना आपले लक्ष साहजिकच माणसांकडे जाते. परंतु त्यांच्या मागे दिसणारा जुना रस्ता आणि बैलगाड्यांची दाटी ही तत्कालीन निपाणीची साक्ष आहे, आणि तो काळ आता पुन्हा दिसावयाचा नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुकानाचे छायाचित्र म्हणून काढलेले छायाचित्र क्वचितच सापडते. छायाचित्र काढले जाते ते पालखीचे, रथाचे, गणपतीच्या मिरवणुकीचे, शिवजयंतीच्या चित्ररथाचे, नाहीतर पुढाऱ्याच्या स्वागताचे. दुकाने त्यात मागे उभी असतात. बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा १९०५ पासून सांगतात. गल्लीगल्लीतून निघून कपिलेश्वराच्या तळ्याकडे जाणाऱ्या विसर्जनाच्या मिरवणुकांची जी चित्रे घरोघर आहेत, त्यांत मूर्तीच्या मागे खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली हळूहळू बदलताना दिसतात. म्हणून पेठेचा इतिहास शोधणाऱ्याने चित्राच्या मध्यभागी न पाहता कडेला पाहावे.

कडेला काय पाहावे, याची काही साधी गमके आहेत. छपरावर नळीची कौले आहेत की मंगळुरी? मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला. तेव्हा अशा छपराचे घर त्यानंतरचे समजावे. दुकानाचे तोंड लाकडी फळ्यांचे आहे, की वर गुंडाळणाऱ्या लोखंडी पडद्याचे? भिंतीवर बोलपटाची जाहिरात असेल तर चित्र १९३२ च्या अलीकडचे असण्याचा संभव अधिक. कारण पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' त्या वर्षी आला. भाव आण्यांत लिहिला असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, नव्या पैशांत असेल तर खात्रीने नंतरचा. पाटीवर 'मुंबई इलाखा' आहे की 'म्हैसूर राज्य', हेही पाहावे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगावाला चिकटून असूनही त्याचा कारभार निराळा. एका रस्त्यावरच्या पाट्या लिप्यांसह वाचीत गेले, तर मराठी, कन्नड, इंग्रजी या भाषा एकमेकींच्या शेजारी कशा नांदत होत्या हे कोणत्याही वादाशिवाय दिसून येते. त्या पेठेचा बोलण्याचा सूर मात्र छायाचित्रात उतरत नाही. त्यासाठी पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत' मधील 'रावसाहेबां'कडेच जावे लागते. कानडी वळणाची ती बेळगावी मराठी शब्दांत जपली गेली, हे आपले भाग्य.

परंतु गमकांनी काळ कळतो, माणूस कळत नाही. फळीवर हात टेकून मिरवणूक पाहणारा तो गृहस्थ कोण, त्याचा व्यापार कशाचा, दुकान केव्हा आणि कशामुळे उठले, हे सांगणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यामागे ते चित्र केवळ 'जुने चित्र' होऊन राहील. दुसरे असे की, आजकाल जुनी छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून एका दिवसात शेकडो लोकांकडे जातात. यात आनंद आहे. पण जाते ती चित्राची पुढची बाजू. मागच्या बाजूस आजोबांनी शिसपेन्सिलीने लिहिलेली ओळ, छायाचित्रकाराचा शिक्का, तिथी-वार हे सर्व मूळ प्रतीबरोबर पेटीत राहते, आणि एखाद्या दिवशी वाळवीच्या नाहीतर रद्दीवाल्याच्या स्वाधीन होते.

गावे बदलणारच. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी नव्या रेल्वे स्थानकाचे लोकार्पण झाले. रुंद रस्ता, मोठे स्थानक ही गावाची गरज आहे. जुन्या फळ्यांसाठी ती अडवून धरावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु जे पाडावयाचे त्याचे नाव लिहून ठेवण्यास काही खर्च येत नाही.

येथे आपल्या देवस्थानांचे साहाय्य फार मोठे होऊ शकते. बहुतेक जुन्या देवालयांत उत्सवांची छायाचित्रे असतात. त्याच देवालयांत जमाखर्चाच्या वह्या आणि देणगीदारांच्या पाट्याही असतात. तेल अमुक दुकानाकडून, फुले अमक्याकडून, नैवेद्याचे तांदूळ अमुक पेढीकडून, अशा नोंदी त्या वह्यांत सापडण्याजोग्या आहेत. चित्रांत रूप आहे, वहीत नाव आहे. दोन्ही एकाच छपराखाली, बहुधा एकाच कपाटात, परस्परांना अनोळखी अशी पडून आहेत. विश्वस्तांनी ती एकत्र मांडावीत, एका रविवारी वृद्धांना सन्मानाने बोलवावे, आणि तरुणांनी त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी लिहून घ्याव्यात: गल्ली कोणती, दुकान कोणाचे, व्यवहार कशाचा, आणि साल कोणते. वेणुग्रामाच्या व्यापाऱ्यांची नोंद बसदीच्या दगडावर झाली म्हणून ते व्यापारी आपणांस माहीत आहेत. आपल्या आजोबांच्या पेठेला दगडाची गरज नाही. एक वही आणि एक शिसपेन्सिल तिला पुरेल. येत्या उत्सवापूर्वी एखाद्या देवस्थानाने जरी हा उपक्रम हाती घेतला, तरी पुष्कळ नावे वाचतील.