जुने पान न खोडण्याची किंमत

डिस्कवरची एखादी नोंद बदलत असताना मध्येच वीज गेली तर? जुनी अर्धी पुसलेली, नवी अर्धी लिहिलेली. हाती काहीच नाही. संगणकाच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर दोनदा पुढे आले. ती गोष्ट आपण पाहू.

१९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' हा डाटाबेस तयार होत होता. तेथील रेमंड लोरी यांनी १९७७ साली एक युक्ती मांडली. जुन्या पानाला हातच लावायचा नाही. बदललेले पान रिकाम्या जागी लिहायचे, आणि सारे नीट लिहून झाले की अनुक्रमणिकेत नवी जागा नोंदवायची. यंत्र मध्येच बंद पडले तरी जुनी अनुक्रमणिका व जुनी पाने शाबूत!

पण शेजारशेजारची पाने हळूहळू डिस्कभर पांगत गेली. फिरत्या डिस्कवर प्रत्येक पान शोधायला वाचकशीर्ष हलवावे लागते. त्यात वेळ जातो. १९८१ साली याच गटाने लिहिले, की मोठ्या फायलींना ही पद्धत मानवत नाही. बदल आधी रोजनाम्यात ओळीने नोंदवावेत, मग मूळ पान जागीच बदलावे, हे बरे. पुढचे बहुतेक मोठे डाटाबेस याच वाटेने गेले.

तीच युक्ती मग फाइल-व्यवस्थेत परतली. २००५ मध्ये सन कंपनीची 'झेडएफएस' खुली झाली. ओरॅकलमधील ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये 'बीटीआरएफएस' जाहीर केली. २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात आली. यांत साऱ्या फायलींची त्या क्षणाची प्रत चटकन ठेवता येते, आणि प्रत्येक तुकड्याच्या पडताळा-बेरजेमुळे बिघडलेली माहिती ओळखता येते.

एकदा लिहून ठेवायच्या छायाचित्रांना हे उत्तम. डाटाबेसची फाइल मात्र मधूनमधून सतत बदलते. डाटाबेस स्वतःचा रोजनामा ठेवतोच, वर फाइल-व्यवस्था प्रत्येक पान नव्या जागी नेते. एका दाराला दोन पहारेकरी!

उपाय काय? झेडएफएसचा तुकडा एरवी १२८ किलोबाइटपर्यंत असतो, पोस्टग्रेसचे पान ८ किलोबाइटचे. म्हणजे एका पानासाठी १६ पट मजकूर पुन्हा लिहिण्याची वेळ येऊ शकते. म्हणून माहिती भरण्यापूर्वीच तुकडा पानाएवढा लहान करतात. बीटीआरएफएसमध्ये रिकाम्या फोल्डरवर खूण करून त्यात नंतर होणाऱ्या फायलींपुरती ही पद्धत बंद करता येते. मात्र तेथे पडताळा-बेरीजही बंद होते. वेग मिळतो, पण माहिती गुपचूप बिघडली तर फाइल-व्यवस्थेला त्याचा पत्ता लागत नाही.

वर्गात विचारून पाहावे: गावाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायच्या असतील, तर कोणता पहारेकरी कमी कराल? कारणासह उत्तर आले, म्हणजे विषय समजला.