कुलूप एका दारी, चोर दुसऱ्या दारी: लिनक्स, २००८

१/ सप्टेंबर २००८. लिनक्स कर्नलच्या २.६.२७ आवृत्तीची चाचणी सुरू असताना इंटेलची काही नेटवर्क कार्डे निकामी होऊ लागली. वीज गेली तरी मजकूर जपणारी त्यांची छोटी स्मृती भ्रष्ट झाली होती.

२/ संशय ‘ई१०००ई’ ड्रायव्हरवर गेला. त्या स्मृतीवर लेखनबंदी घालण्यात आली; मूळ कारण मात्र अज्ञातच होते.

३/ खरा दोषी ठरला ‘एफट्रेस’. फंक्शनांचा माग काढणाऱ्या या यंत्रणेने मोकळ्या झालेल्या मेमरीचे जुने पत्ते जपून ठेवले होते. पुढे त्याच पत्त्यांवर कार्डाची चिप जोडली गेली आणि लेखन थेट तिच्यावर झाले.

४/ ऑक्टोबरमध्ये २.६.२७.१ आवृत्तीत ती सुविधा बंद झाली. साध्या मेमरीतील चूक रीस्टार्टने पुसली जाते. चिपवरची टिकून राहते. म्हणूनच निर्दोष ड्रायव्हरलाही कुलूप आवश्यक होते.